ऐंशी चाचण्या झाल्या, पण उभे करून कोणी पाहिले?

जिल्हा रुग्णालयाच्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या बाह्यरुग्ण विभागात ७४ वर्षांचे एक गृहस्थ आले. एसटीतून निवृत्त झालेले. सोबत पत्नी आणि पुण्याहून सुट्टी काढून आलेला मुलगा. मुलाच्या हातात चौदा पानांचा रंगीत रिपोर्ट होता. वडिलांच्या वाढदिवसाला त्याने ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज भेट दिले होते. माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ऐंशीहून अधिक चाचण्यांचे आकडे येऊन पडले. त्यातले पाच लाल अक्षरांत होते. मुलाची झोप उडवली ती प्रोस्टेट ग्रंथीच्या ‘पीएसए’ चाचणीने. ४ च्या आत हवा असा छापलेला आकडा ५.२ होता आणि मुलाने इंटरनेटवर ‘कॅन्सर’ हा शब्द वाचला होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळून बाजूला ठेवला आणि विचारले, “काका, गेल्या वर्षभरात कुठे पडलात का?”

“छे, छे. तसं काही नाही.”

“अहो, सांगा ना खरं,” काकू म्हणाल्या. “डॉक्टर, दोनदा पडलेत हे. एकदा न्हाणीघरात आणि एकदा पहाटे लघवीला उठले तेव्हा. मुलाला सांगू नको म्हणाले.”

मग काकांचा रक्तदाब आधी बसवून आणि नंतर उभे करून मोजला गेला. बसून १३८/८२. उभे राहिल्यावर दोन मिनिटांत १०८/६८. काकांनी टेबलाची कड धरली आणि म्हणाले, “हे असंच होतं. डोळ्यांपुढे अंधारी येते.” उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट मानली जाते. इथे वरचा ३० ने उतरला होता. रक्ताच्या ऐंशी चाचण्यांत हे कळण्याची सोयच नव्हती. त्यासाठी रक्तदाबाचे यंत्र, एक खुर्ची आणि पाच मिनिटे लागतात.

ज्येष्ठांच्या आरोग्य तपासणीबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे तो इथेच. तपासणी म्हणजे रक्त, लघवी, ईसीजी, सोनोग्राफी. जितक्या चाचण्या जास्त तितकी तपासणी चांगली, असे गणित घरोघरी मांडले जाते. चाळिशीतल्या माणसात लपलेला मधुमेह किंवा रक्तदाब शोधायचा असतो, तिथे हे काही अंशी चालून जाते. सत्तरीतल्या माणसाला बहुधा दोन-तीन आजार आहेत हे आधीच ठाऊक असते. तिथे प्रश्न वेगळा असतो : हा माणूस स्वतःच्या पायावर चालतो का, त्याला नीट दिसते-ऐकू येते का, जेवण जाते का, घेतलेली औषधे त्याला मानवतात का, आणि यातले काही हातातून निसटू लागले आहे का?

हा विचार नवा नाही. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जोरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या गरीबगृहातील ७१४ रुग्णांची जबाबदारी आली. त्यातले बरेच वृद्ध कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होते, कारण ते बरे होण्यासारखे नाहीत असे गृहीत धरले गेले होते. वॉरन यांनी प्रत्येकाला नव्याने तपासले, उठवून बसवले, चालवले. त्यातले कितीतरी जण घरी परतले. वृद्धवैद्यक या शाखेची सुरुवात अशी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्राथमिक स्तरावरच्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही सहाच गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत : स्मरण, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मनःस्थिती. त्यातल्या एकीसाठीही पहिल्या फेरीत सुई टोचावी लागत नाही.

प्रत्यक्ष तपासणीत काय घडते ते पाहू. डॉक्टर किंवा परिचारिका तीन साधे शब्द सांगतील आणि थोड्या वेळाने ते परत विचारतील. आजची तारीख विचारतील. अनेकांना याचा राग येतो, “मी काय वेडा झालोय का?” असे म्हणणारे निवृत्त अधिकारी कमी नाहीत. त्यात अपमान नाही, रक्तदाब मोजण्यासारखेच ते मोजमाप आहे. मग हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायला सांगतील. १४ सेकंदांत ते जमले नाही, तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे असे समजून पुढची तपासणी होते. दुसरी रीत म्हणजे खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे, बसायचे. याला १२ सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला असतो. चालताना पाय घासतात का, वळताना भिंतीचा आधार घेतात का, हे अनुभवी डॉक्टर रुग्ण दारातून आत येतानाच पाहून घेतो.

पडण्याला इतके महत्त्व कशासाठी? कारण खुब्याचे हाड मोडल्यावर सत्तरीतला माणूस पूर्वीसारखा हिंडता-फिरता होईलच अशी खात्री नसते. शस्त्रक्रिया उत्तम होते, हाड जुळते, पण महिनाभर पडून राहिल्याने गेलेली ताकद परत येत नाही. मग पहिल्या मजल्यावरचे घर तुरुंग होते. घरचे लोक म्हणतात, “पडेपर्यंत ठणठणीत होते.” बहुतेक वेळा तसे नसते. त्याआधी एक-दोनदा तोल गेलेला असतो आणि तो लपवलेला असतो. मुले काळजी करतील, एकट्याने बाहेर जाऊ देणार नाहीत, या भीतीने. म्हणून तपासणीला जाताना घरातले माणूस सोबत असावे. मात्र काही वेळ रुग्णाशी एकट्याने बोलायला डॉक्टरांना मिळाले पाहिजे. लघवी न थांबण्याचा त्रास सुनेसमोर सांगितला जात नाही, आणि सुनेबद्दलचा त्रास तर मुळीच नाही.

तपासणीतला सगळ्यांत फलदायी भाग कोणता म्हणाल, तर औषधांची पिशवी. ‘सगळी औषधे घेऊन या’ म्हटले की लोक शेवटची चिठ्ठी आणतात. चिठ्ठी नको, पिशवी हवी. घरात असतील त्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्ण, गुडघ्यासाठी शेजाऱ्याने दिलेली पुडी, मेडिकलवाल्याने दिलेली गॅसची गोळी, सगळे. काकांच्या पिशवीतून रक्तदाबाच्या दोन गोळ्या निघाल्या. प्रोस्टेटसाठीची एक निघाली, जी रक्तवाहिन्याही सैल करते. पत्नीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी झोप लागेना म्हणून सुरू झालेली आणि चार वर्षे चाललेली झोपेची गोळी निघाली. आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी. प्रत्येक गोळी कोणीतरी कधीतरी कारणाने दिली होती. पाचही एका माणसाच्या पोटात एकत्र जातात, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

वयस्करांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये प्रथम केली आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. झोपेच्या नेहमीच्या गोळ्या त्यात आहेत, कारण त्यांनी तोल जातो आणि विसराळूपणा वाढतो. सर्दी-खाजेच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या आहेत. मधुमेहाची ग्लिबेन्क्लामाइड ही स्वस्त आणि जुनी गोळी आहे, कारण म्हाताऱ्या माणसात तिने साखर खूप खाली जाऊन तासन्‌तास तिथेच राहू शकते. अर्थात यादीत नाव आहे म्हणून गोळी स्वतःच बंद करायची नाही. झोपेची गोळी एकदम थांबवली तर अस्वस्थता, थरथर, क्वचित फिट येऊ शकते. ती काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात.

मधुमेहाचेही तेच. पन्नाशीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा (एचबीए१सी) आकडा ७ च्या खाली ठेवण्याचा आग्रह योग्य असतो. अनेक आजार असलेल्या, थकलेल्या ज्येष्ठांसाठी ८ पर्यंतचा आकडा पुष्कळदा पुरेसा मानला जातो. ऐंशीच्या आजींचा आकडा ६.१ पाहून घरचे खूश होतात. डॉक्टरांना मात्र तो पाहून पहाटे साखर उतरत असेल का, अशी शंका येते.

मूत्रपिंडाची गोष्ट याहून फसवी आहे. समजा, ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन १.१ आले. रिपोर्टमध्ये ते बहुधा काळ्या अक्षरांतच असेल, म्हणजे ‘नॉर्मल’. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि या बाईंच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत. वय, वजन आणि स्त्री असणे हिशेबात घेऊन गणित केले, तर त्यांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर येते. तरुण निरोगी माणसात ती १०० च्या आसपास असते. म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात घेऊन त्या मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणतात आणि उरलेली मूत्रपिंडेही गमावण्याची सोय करतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाचायला वय आणि वजन लागते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता त्या लाल आकड्यांकडे. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. याचा अर्थ, पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडण्याची शक्यता दर चाचणीला ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निदान एक तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के होते. साठ केल्या तर ९५ टक्के. प्रत्यक्षात अनेक चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा इतका नेमका नसतो. पण ऐंशी चाचण्यांचा रिपोर्ट पूर्ण काळ्या अक्षरांत आला तर तेच नवल. आणि लाल अक्षर आले की ते तिथेच थांबत नाही. त्यामागोमाग सीटी स्कॅन येतो, मग बायोप्सी, मग तिचा रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग, आणि एवढे करून निष्पन्न काही नाही.

पीएसए वयाबरोबर वाढते, प्रोस्टेट मोठी झाली की वाढते, लघवीत जंतुसंसर्ग झाला की वाढते. अमेरिकेतील प्रतिबंधात्मक सेवांविषयी सल्ला देणाऱ्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये सत्तरीनंतर तक्रार नसलेल्या पुरुषांची ही चाचणी सरसकट करू नये, असेच सांगितले. कारण त्या वयात सापडणारे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की त्यांचा त्रास होण्याआधीच माणसाचे आयुष्य पुरे होते, उपचारांचे दुष्परिणाम मात्र लगेच सुरू होतात. सीए १२५, सीए १९-९, सीईए अशी ‘कॅन्सर मार्कर’ नावाने पॅकेजमध्ये घुसवलेली नावे तर मुख्यत्वे आधीच निदान झालेल्या रुग्णांच्या उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी आहेत.

थायरॉइडचा ‘टीएसएच’ किंचित वाढलेला असणे ज्येष्ठांत नेहमीचेच. ६५ वर्षांवरील अशा ७३७ जणांवर युरोपात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायरॉइडची गोळी देऊन त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्याला एक, असे साधारण आठ आठवडे लिहून दिलेले असते. काही जण ते दोन-दोन वर्षे घेत राहतात आणि रक्तातले कॅल्शियम वाढून भ्रम झालेल्या अवस्थेत दाखल होतात. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून स्वतःच सुरू केलेली ॲस्पिरिनही अशीच. ज्यांना आधी हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नाही अशा १९,००० हून अधिक ज्येष्ठांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत झालेल्या ‘ॲस्प्री’ अभ्यासात २०१८ मध्ये दिसले, की रोजच्या ॲस्पिरिनने फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढले. ज्यांना स्टेंट बसवला आहे किंवा झटका येऊन गेला आहे, त्यांच्यासाठी हे लागू नाही. त्यांनी ती गोळी सोडायची नाही.

मग चाचण्या करूच नयेत का? कराव्यात, मोजक्या. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवी. शाकाहारी असाल, किंवा मेटफॉर्मिन वा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे घेत असाल, तर बी-१२. मनगटावरची नाडी एक मिनिट धरून पाहिलेली हवी, कारण ती अनियमित लागली तर पक्षाघाताचा एक मोठा धोका वेळीच कळतो आणि मग ईसीजी अर्थपूर्ण ठरतो. डोळे तपासून घ्यावेत. कानातला मळ काढून घ्यावा. निम्मा ‘विसरभोळेपणा’ कधी कधी त्या मळातच असतो. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांबद्दल विचारावे. बहुतेक ठिकाणी ती स्वखर्चाने घ्यावी लागते.

काकांचे बोलणे आटोपले आणि डॉक्टरांनी काकूंकडे पाहिले. “काकू, तुमचा केस पेपर कुठे आहे?”

“मला काय धाड भरलीये? मी यांच्यासोबत आले.”

काकू ६९ वर्षांच्या. त्यांचा रक्तदाब १७८/९६ निघाला. मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांच्या दवाखान्यात मोजला होता, थोडा वाढलाय म्हणाले होते, पुढे राहून गेले. मिश्री लहानपणापासून. तोंड उघडून पाहिले तर डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा. मुलाने वडिलांसाठी पॅकेज घेतले होते; आईसाठी घ्यावे असे त्याला सुचले नव्हते, आणि घेतले असते तरी त्यात तोंड उघडून पाहणे नव्हतेच. ग्रामीण महाराष्ट्रात ज्येष्ठ बायका तपासणीसाठी स्वतःहून येत नाहीत, त्या कोणाच्या तरी सोबत येतात. त्यामुळे सोबतीच्या बाईलाही खुर्चीवर बसवणे हा सरकारी रुग्णालयातल्या तपासणीचा अलिखित नियम व्हायला हवा.

तपासून पाहण्याचा उपयोग होतो, हे मुंबईतच सिद्ध झाले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा एकूण गटात मृत्यूंतली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती. पण पन्नास आणि त्यापुढील वयाच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. त्याच अभ्यासात गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र दोन्हींत नव्हते.

रक्तदाब, मधुमेह, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, विनामूल्य होते. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग अपेक्षित आहे. रांगा मोठ्या असतात, हे खरेच. सत्तरीनंतर मिळणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डाबद्दल मात्र एक समज दुरुस्त करायला हवा : ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, वार्षिक तपासणीच्या चाचण्यांसाठी नाही.

जाताना पिशवी, चष्मा, काठी आणि जुने केस पेपर न्यावेत. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यावी; साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर रक्त देऊन झाल्यावर, खाण्याबरोबर. डबा सोबत असू द्यावा. रांगेत साखर उतरून कोसळलेले ज्येष्ठ प्रत्येक रुग्णालयाने पाहिलेले आहेत.

महिनाभराने तिघे परत आले. काकांची रक्तदाबाची एक गोळी कमी केली होती, वेदनाशामक बंद होती, प्रोस्टेटची गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली होती, झोपेची गोळी निम्म्यावर आली होती. उभे राहून रक्तदाब आता १२६. न्हाणीघरात मुलाने स्टीलचा दांडा बसवून घेतला होता आणि रात्री उठल्यावर आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसायचे, हे काकांनी मान्य केले होते. पीएसए पुन्हा केले, ४.६ आले, तक्रारी नव्हत्या, बोटाने केलेल्या तपासणीत गाठ लागली नव्हती, मूत्ररोगतज्ज्ञांनी बायोप्सीची घाई नको म्हटले. काकूंचा रक्तदाब एका गोळीवर १४८ पर्यंत उतरला होता. चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला होता, त्याचा अहवाल यायचा होता. “मिश्री सोडली का?” या प्रश्नावर त्यांनी मुलाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “सकाळची सोडली.”